पळसाच्या देठांचा माणूस

मोरवेळच्या पाण्याच्या टाकीवर तो खांब उभा राहिला तेव्हा सरकारी कागदात त्याचं नाव मोठं भारदस्त होतं: धूम्रवेधी संवेदक. खांबाच्या शेंड्याला वाऱ्याबरोबर वळणारी एक पांढरी डबी आणि तिला पुढच्या बाजूने दोन भोकं. ती बघून बंदरावरचं कोणीतरी म्हणालं, "ह्यो बघा नाकाडो!" झालं. तेव्हापासून त्या यंत्राला गावात दुसरं नाव नाही. एक नाकाडो टाकीवर, एक शाळेच्या गच्चीवर आणि एक स्मशानाजवळच्या टेकाडावर, असे तिघे मिळून मोरवेळचा वास घेत असतात.

त्या तिघांनी काय हुंगलं ते बघायला सायली कुबल. हुद्दा धूरनिरीक्षक, ऑफिस ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत. ती रस्त्याने निघाली की लोक एकमेकांना डोळा मारून म्हणत, "उदबत्ती विझवा रे, सायली इली!" तीही हसायची. पण दंड करताना हात आखडता घ्यायची नाही. परसात पालापाचोळा पेटवला म्हणून तिने सख्ख्या चुलत दिराला दंड केला होता, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरी आरतीला जाऊन टाळ वाजवले होते.

यंत्राची करामत समजायला तशी अवघड नाही. जळणारी प्रत्येक वस्तू धुरात आपली खूण सोडते. लाकूड जळलं की त्याच्या तंतूंपासून एक विशिष्ट साखर तयार होते आणि धुराच्या कणांना चिकटून वर जाते. नारळाच्या सोडणात, म्हणजे वरच्या काथ्यात, पोटॅशियम जास्त, नायलॉनच्या धुरात नायट्रोजनची विषारी संयुगं, केसांच्या धुरात गंधक. नाकाडो हवा आत ओढतो, तिच्यातल्या रेणूंचे विजेच्या झटक्याने तुकडे करतो आणि त्या तुकड्यांची वजनं मोजतो. वजनांवरून वस्तू ओळखायची. वारा कुठून, किती होता आणि धूर कुठल्या नाकाड्याला आधी पोचला, एवढं कळलं की आग कोणाच्या परसात आहे तेही सांगता येतं. हा सगळा हिशेब करणाऱ्या संगणकाला आधी हजारो आगींचे धूर हुंगवून तयार केलं होतं. चूल, भट्टी, कचरा, चिता. शिकवलं तेवढं त्याला येत होतं.

हे सगळं उगीच आलेलं नव्हतं. फाटकी नायलॉनची जाळी वाळूत ढीग करून जाळायची, ही बंदराची जुनी खोड. त्या धुराने गावातली निम्मी पोरं दम्याचा पंप खिशात घालून शाळेत जायला लागली, तेव्हा कुठे ग्रामसभा जागी झाली. ठराव झाला, उघड्यावर आग नाही. अपवाद दोनच: शिमग्याची एक सामायिक होळी आणि स्मशानातली चिता. पण माणसाला अपवाद दिसला की तो आधी त्यात पाय घालून बघतो. जाळ्यांचा एक ठेकेदार चितेच्या नावावर स्मशानात जाळीच जाळायला लागला. कोणाची चिता म्हणून विचारलं की म्हणे, बेवारशाची. मग पुढच्या ग्रामसभेत ठरावात एक ओळ वाढली: प्रेत दाखवल्याशिवाय चितेला परवानगी नाही.

सगळ्या गावाने हात वर केले. सायलीने केला, तिच्या शेजारी बसलेल्या सासूनेही केला. दर काही वर्षांनी ज्या गावातला एखादा पुरुष समुद्रावर जातो आणि त्याचं नखसुद्धा परत येत नाही, त्या गावाने प्रेताशिवाय चिता नाही असं एकमताने ठरवलं, आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

सायलीचा नवरा भूषण असाच गेला होता. अवेळी उठलेल्या वादळात होडी उलटली. बरोबरच्या दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, भूषणचं लागलं नाही. कायद्याने माणसाला मेलेला मानायची सात वर्षं कधीच उलटून गेली होती. सायलीने तो कागद केला नव्हता. कोणी विषय काढला तर म्हणायची, "दोघे सापडले ना? मग हाही सापडला असता." तिचं म्हणणं खोडायला कोणाची जीभ रेटत नसे. दूरच्या कुठल्या बेटावर भरकटून गेलेले आणि पुष्कळ वर्षांनी परतलेले खलाशी प्रत्येक बंदराच्या गप्पांमध्ये असतातच. घरात मासे झाले की सायली एक तुकडी बाजूला काढून झाकून ठेवायची. सासू रात्री ती मुकाट्याने मांजराला घालायची. याबद्दल दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या.

बोलणं निघालं ते पितृपक्षाच्या तोंडावर.

सायली ऑफिसातून आली तेव्हा सासू, प्रभावती, पडवीत बसून काळे वाटाणे निवडत होती. म्हाळाच्या जेवणाची तयारी. हात थांबवून ती म्हणाली, "सायली, बस जरा. बाळा भटजीकडे जावन इलंय मी."

"कित्याक?"

"भूषणाचा करून घेवचा म्हणतंय. प्रेत नसला तरी करतत. पळसाच्या पानांच्या देठांचो माणूस करतत, नारळाची टकली लावतत, पीठ लिंपतत. आनि रीतसर जाळतत."

सायली उभीच राहिली. भूषणच्या आईच्या तोंडून भूषणला जाळायची गोष्ट तिने पहिल्यांदाच ऐकली होती.

"आये, तो येतलो."

"बायो, म्हाळाक मी तेच्या बापाशीचा पान वाडतंय. सासऱ्याचा वाडतंय. तेचा वाडूक गावणा नाय. भटजी म्हणता, विधी नाय तर पान नाय. घरात जेवूक तो नाय, आनि मेल्यांच्या पंगतीत तेका कोण बसवन घेणा नाय. इतकी वर्सा झिल माझो उपाशी आसा गो."

यावर सायलीने जे उत्तर दिलं ते तिने मुद्दाम शोधलं नव्हतं, ते जिभेवर तयारच होतं. "ठराव झालो हा, आये. प्रेताशिवाय चिता नाय. माज्याच घरात मी नियम मोडलंय तर गाव काय म्हणात?"

"गावाचा सोड. तुका काय वाटता?"

"माका काय वाटूचा? नियम तो नियम."

प्रभावतीने सुनेकडे नीट पाहिलं आणि पुन्हा वाटाणे निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी बाळा भटजी स्वतः ऑफिसात आले. गळ्याशी उपरणं, हातात हेल्मेट. समोर बसले, घसा खाकरला. "हे बघ सायली, पुतळा असतो हातभर. पेटतो आणि विझतो. तुझ्या त्या नाकाडोला शिंकसुद्धा येणार नाही."

"त्याला सगळं येतं, भटजी."

"मग तूच परवानगी दे. सही तुझीच लागते ना?"

"नियमात बसत नाही."

भटजींनी तालुक्याला फोन लावला. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी सायलीशी बोलून सांगितलं की धार्मिक विधीसाठी लहान आगीची परवानगी स्थानिक निरीक्षकाच्या अधिकारात येते, तुम्ही द्या, वर कोणी विचारणार नाही. सायलीने ऐकून घेतलं, हो सर म्हणाली, फोन ठेवला. भटजींना म्हणाली, "नाही बसत नियमात."

भटजी उठले. दारात थांबून एवढंच बोलले, "बाय माझे, नियम गावाने धुरासाठी केला. तू त्याच्याआड कशासाठी उभी आहेस ते तुझं तुला माहीत." ते गेल्यावर सायलीने पडद्यावरचा हिरवा नकाशा पुन्हा समोर घेतला. भटजींचा तिला भयंकर राग आला होता, कारण ते खरं बोलले होते. कधी नव्हे तो तिला एक भक्कम आडोसा मिळाला होता. जोवर प्रेत नाही तोवर चिता नाही, आणि जोवर चिता नाही तोवर भूषण कुठेतरी आहे. सरकारने दिलेल्या अधिकारात तिला आपल्या नवऱ्याला जिवंत ठेवता येत होतं. हे सोडायला कोण तयार होईल?

घरात दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं. पाणी आलं, गॅस संपत आला, एवढंच. सायलीने बांगड्याची एक तुकडी नेहमीसारखी झाकून ठेवली. सकाळी ती तिथेच होती. सासूने ती मांजराला घातली नव्हती, आणि सायलीला ती उचलून टाकवेना.

त्यानंतरच्या एका दुपारी सायली ऑफिसात डबा खात होती. जेवणाच्या वेळी गावात सहसा कोणी काही पेटवत नाही. पडद्यावर नकाशाच्या पश्चिमेला एक ठिपका पिवळा झाला, मग नारिंगी. बाजूला अक्षरं उमटायला लागली. आंब्याचं लाकूड. तूप. पळस. सुती कापड. नारळ. सायलीने घास खाली ठेवला. हे काय चाललंय ते तिच्या लगेच लक्षात आलं, कारण ठिपका तिच्याच परसात होता.

संतापाने तिचे कान तापले. आणि तेवढ्यात ठिपका लाल झाला.

केस. प्रथिनं. खाली मोठ्या अक्षरांत: मानवी दहनाची शक्यता. जागेवर जाऊन खात्री करा. खात्री होईपर्यंत बंब रवाना करण्यात येत आहे.

आता तिला पळस दिसेना, तूप दिसेना. फक्त केस दिसले. घरी एकटी असलेली म्हातारी, दोन आठवड्यांचा अबोला, हातात तुपाची वाटी आणि काडेपेटी. सायली टॅबलेट उचलून धावत सुटली. सुकटीच्या मांडवांमधून, तांडेलांच्या अंगणातून, परसाच्या दगडी गडग्यावरून उडी टाकून. वाटेत कोणीतरी हाक मारली ती तिला ऐकू आली नाही. आयुष्यात तिने देवाकडे भूषणशिवाय काही मागितलं नव्हतं. त्या दुपारी धावताना ती म्हणत होती, आयेला ठेव, आयेला ठेव, दुसरं मला काही नको.

परसात माडाखाली आंब्याच्या चार लाकडांवर एक हातभर माणूस जळत होता. शेजारी दगडावर प्रभावती धडधाकट बसली होती. तिचे केस मानेपाशी वेडेवाकडे कापलेले होते.

"आये!" सायलीला धाप लागली होती. "तू... तुका काय झाला नाय मा?"

"माका काय धाड भरली?"

"यंत्रान माणूस सांगल्यान. माणूस जळता म्हणान सांगल्यान!"

प्रभावतीने आगीकडे पाहिलं. "मगे बरोबर सांगल्यान," ती म्हणाली.

सायली मटकन खाली बसली. बाळा भटजी कुठेच नव्हते. दंडाच्या भीतीने ते आले नव्हते की प्रभावतीने त्यांना बोलावलंच नव्हतं, हे तिने विचारलं नाही. देठं जोडून माणूस करायला म्हातारीला किती वेळ लागला असेल, हे मात्र तिच्या मनात आलं. पायांची देठं थोडी आखूड झाली होती. पीठ तडकून निघत होतं. अंगावर भूषणचा निळा चौकड्यांचा सदरा कापून घातला होता.

"केस तुजे घातलंस?"

"वेणी घातलंय. जावळ एवढासाच होता, म्हणान."

"कसला जावळ?"

"तेचा. पयला जावळ नदीत सोडतत, मी सोडूक नाय. आनि नाळ." प्रभावतीने एक लाकूड आत सारलं. "पडली तेवा सुकवन कापडात बांधललंय. पोटात दुखला तर उगाळून देवक म्हणान ठेवतत आमच्यात. तेच्या हाडामासाचा तेवढाच रवला होता माज्याकडे. ता आज घातलंय. तू प्रेत दाखव म्हणालंस मा? ह्या बघ. दाखवलंय."

तिने तोंडावर हात धरला.

टॅबलेट वाजायला लागला. बंब बंदराच्या नाक्यावरून निघाला होता. पडद्यावर दोन चौकोन होते आणि त्यांतला एक तिने निवडायचा होता. पहिला, कचरा. तो दाबला की बंब येणार, पाण्याचा झोत मारणार आणि प्रभावती कुबल हिच्या नावावर दंड लागणार. दुसरा, मानवी दहन. तो दाबला की चितेवर पाणी मारायचं नाही म्हणून बंब माघारी जाणार, पण मग यंत्र नाव विचारणार. मेलेल्याचं नाव. ती नोंद थेट जन्ममृत्यूच्या दप्तरात जाते, आणि निरीक्षकाच्या अंगठ्यानंतर ती फिरवता येत नाही. तिसरा चौकोन नव्हता. यंत्राला शिकवलं तेवढंच येत होतं, आणि हरवलेला माणूस म्हणजे काय ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

नाळ किती मोठी असते? करंगळीच्या पेराएवढी. तेवढ्यावरून माणूस म्हणायचं का, हे विज्ञानाने ठरवता येण्यासारखं नव्हतंच. ते सायलीने ठरवायचं होतं.

"आये, मी हयसर नाव लिवलंय तर तो..." तिला पुढचा शब्द उच्चारता येईना.

"तो मेलो गो बायो. वादळात, तेच दिवशी मेलो. तू नि मी मिळान तेका धड मरूक दिलंव नाय. मी मांजराक घालतंय आनि तू झाकून ठेवतंस." प्रभावतीने पदराने नाक पुसलं. "तुका नको आसात तर नको. कचरो म्हणान लिव. मी दंड भरतंय. माजा काम झाला. आग मी दिलंय, विझवूक आता कोणाक येवचा नाय."

खालच्या रस्त्यावर बंबाची घंटा ऐकू यायला लागली होती. धूर बघून शेजारीपाजारी गडग्यापलीकडे जमले होते. धूरनिरीक्षकाच्याच परसात आग, म्हटल्यावर बघायला गर्दी होणारच. एकदोघं हसत होती. बापू तांडेल मात्र मान लांब करून लाकडांवर काय आहे ते निरखत होते. त्यांचाही एक भाऊ समुद्राने ठेवून घेतला होता.

झोताने तो माणूस एका क्षणात विस्कटला असता. देठं इकडे, नारळ तिकडे, आणि सदरा चिखलात. सायलीने ते डोळ्यांपुढे आणून बघितलं आणि तिला ते सहन झालं नाही. किती विचित्र बघा, इतकी वर्षं तिने नवऱ्याला जिवंत ठेवलं होतं, आणि आता पिठाच्या त्या माणसाला कोणी पाणी मारू नये एवढ्यासाठी ती त्याला मेलेला म्हणायला तयार झाली.

तिने दुसरा चौकोन दाबला. नाव: भूषण प्रभाकर कुबल. मृत्यूचं ठिकाण: समुद्र. माहिती देणाऱ्याचं नातं: पत्नी. अंगठा ठेवताना तो घामाने ओला होता म्हणून यंत्राने घेतला नाही. तिने तो साडीला पुसला आणि पुन्हा ठेवला.

घंटा थांबली. बंब वळून गेल्याचा आवाज आला.

गडग्यापलीकडून कोणीतरी ओरडून विचारलं, "सायली, काय जाळतास गो?"

सायली उभी राहिली. सगळ्यांकडे तोंड केलं. "भूषण गेलो," ती म्हणाली.

बापू तांडेलांनी डोक्यावरची टोपी काढली, पायातल्या चपला गडग्याशी ठेवल्या आणि आत आले. त्यांच्यामागून एकेक जण आला, मघाशी हसणारी दोघंही. कोणी लाकूड सारखं केलं, कोणी प्रभावतीच्या खांद्यावर हात ठेवला. तांडेलांची सून निघून गेली, कारण मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पेज आणायची असते. दंडाचा शब्द कोणी काढला नाही. नारळ फुटला तेव्हा बायांनी तोंडाला पदर लावले.

तेवढ्यात सायलीचा फोन वाजला. मृत्यूची नोंद झाली की रेशनपासून मतदारयादीपर्यंत सगळी दप्तरं आपसूक बदलतात, त्याचा तो संदेश होता. आपल्या कुटुंबाची माहिती अद्ययावत करण्यात आली आहे. कुटुंबातील व्यक्ती: दोन.

ती अक्षरं तिने पुन्हा पुन्हा वाचली.

"काय म्हणतत?" प्रभावतीने विचारलं.

"म्हणतत... घरात दोगीच आसंव म्हणान."

"कदीपासून दोगीच आसंव गो, बायो."

"माका ठावक नव्हता, आये," सायली म्हणाली. मग ती खाली बसली. त्या कातरलेल्या केसांच्या म्हातारीच्या मांडीत तिने डोकं घातलं आणि हंबरडा फोडला. रडलं तर तो गेला असं होईल, म्हणून इतकी वर्षं ती नवऱ्यासाठी एकदाही रडली नव्हती.